घास उतरेपर्यंत

११ मार्च

ताई,

खबर अशी आहे की किडनी मिळण्याच्या यादीत माझं नाव अजून आहे, पण त्यापुढे 'तूर्त थांबवावे' असा शेरा पडलाय. काल किडनीच्या डॉक्टरांनी डायलिसिसच्या खुर्चीपाशी येऊन स्वतः सांगितलं, म्हणजे ऐकीव नाही. कारण वजन. अंगावर थोडं मांस धरेपर्यंत इतक्या मोठ्या ऑपरेशनसाठी ते मला टेबलावर घेणार नाहीत. उद्या कुणाची किडनी जुळली, तरी ती माझ्या दारावरून पुढच्याकडे जाईल.

सगळी हयात रेडिओत गेली, काचेमागे कानाला हेडफोन लावून. तिथे बातमीदारांचं एकच तंत्र होतं: खबर आधी, ती कुणी दिली ते लगेच, आणि पुढे काय होणार ते शेवटी. आवाज टिपता टिपता तेही अंगात मुरलं. आता मला दुसऱ्या तऱ्हेनं लिहिता येत नाही. पत्र कोरडं वाटलं तर तो दोष रेडिओचा.

फोन तू उचलत नाहीस, म्हणून पत्र. कापड असो की कागद, नीट पाहिल्याशिवाय तू फाडत नाहीस, एवढी खात्री आहे.

बाकी सगळं ठीक. खाणं बरं चाललंय. स्वयंपाकघर तू लावून दिलंस तसंच आहे. भाजी बारीक चिरतो, भिजवतो, उकळतो, ते पाणी क्षारांसकट फेकतो, पुन्हा उकळतो. किडनीवाल्यांची भाजी म्हणजे कपडे धुण्यासारखंच काम, असं तू म्हणायचीस. डायलिसिसच्या सिस्टरना ते सांगितलं, तर त्या म्हणाल्या, "तुमच्या ताईंना आमच्याकडे पाठवा, आमचे पेशंट ऐकत नाहीत." म्हटलं, त्यांचा पेशंटही ऐकत नाही.

पुढच्या आठवड्यात मला पोटाच्या डॉक्टरांकडे पाठवणार आहेत.

तुझा,
भोंगा

(लहानपणी रडायचो तेव्हा तूच ठेवलेलं नाव. सही म्हणून तेवढंच उरलंय.)


२६ मार्च

ताई,

तुझं कार्ड मिळालं. पोस्टमननं दारात वाचून दाखवलं, कारण वाचायला होतं किती? "कंबर मोज. आकडा कळव." ना तारीख, ना सही. तो म्हणाला, "साहेब, हे टेलरकडून आलंय का?" हो म्हणालो. खोटं काय आहे?

आकडा कळवत नाही. तू जाण्याआधी जी करडी पँट कमरेत आत घेऊन ठेवलीस, ती आता पुन्हा घसरते, एवढ्यावरून काय ते समज. मागच्या पत्रात खाणं बरं चाललंय असं लिहिलं होतं. ती खबर मागे घेतो. तिला दुजोरा नव्हता.

खरं असं आहे. साथीचा तो ताप गेला, खोकला गेला, विषाणू अंगात उरला नाही असं तपासणीत आलं. पण ताटापुढे बसलो की दोन घासांत पोट तुडुंब. तिसरा घास छातीच्या मधोमध अडतो आणि तिथेच बैठक मारतो. तोंडाला लोखंडी किल्ली चोखल्यासारखी चव. कधी मळमळ, कधी कळ, आणि काही दिवस पलंग ते संडास एवढीच माझी दुनिया. डायलिसिसवाल्यांचं पोट तसंही नाजूक असतं, म्हणून मी ते यंत्राच्या खात्यावर टाकत होतो. शेजारच्या खुर्चीवरचे मास्तरही तेच म्हणायचे. त्यांनाही तो ताप येऊन गेलाय आणि त्यांचंही पोट रुसलंय. आम्ही दोघं समोरासमोर डबे उघडतो आणि एकमेकांना आग्रह करतो. दोन्ही डबे तसेच परत जातात.

आता त्या दुपारबद्दल. तू तापातून मला बाहेर काढलंस, तोंड धुवायला पाणी हातात दिलंस, दोनदा उकळलेल्या भाजीला चव यावी म्हणून लिंबाचा थेंब मोजून टाकलास. आणि मी ताट सरकवून म्हणालो, "ताई, तुझ्या हातचा घास उतरत नाही गं." तू भांड्यावर झाकण ठेवलंस. संध्याकाळी पिशवी घेऊन गेलीस.

तुझ्या जागी मीही गेलो असतो. आईशी बिनसलं की बाबा ताटावरून उठायचे आणि अगदी याच शब्दांत म्हणायचे, "या घरात मला घास उतरत नाही." मग आईनं दिवसभर तोंडात काही घालायचं नाही आणि आपण दोघांनी दाराआड उभं राहायचं. तुला माझ्या तोंडून बाबा ऐकू आले. मी तर नुसती जागा सांगत होतो. कुठे अडतंय, ती. घास खरोखरच उतरत नव्हता, ताई. तुझ्या हातचा नाही, हॉटेलातला नाही, पाण्याचा घोटसुद्धा नाही.

हजार माणसांच्या गर्दीत एक आवाज ओळखणारा मी. माझ्याच आवाजात कोण बोलून गेलं, ते मात्र कळलं नाही.

सोमवारी तोंडातून नळी घालून पोट आतून बघणार आहेत. काही सापडलं तर कळवतो. नाही सापडलं तर जास्त काळजी.

भोंगा


९ एप्रिल

ताई,

काही सापडलं नाही. व्रण नाही, गाठ नाही, जंतू नाही. पोटाच्या डॉक्टरीणबाईंनी सगळे कागद पुढ्यात पसरून हे सांगितलं आणि मी विचारलं, "म्हणजे मी खोटं बोलतोय?"

त्या म्हणाल्या, "तुम्ही खरं बोलताय. तुमचं पोटही खरंच बोलतंय. आमच्याकडची यंत्रं तेवढी बहिरी आहेत."

बाई मला तिथेच आवडल्या.

त्यांचं म्हणणं असं की काही माणसांत विषाणू निघून जातो, पण जाताना पोटाची घडी विस्कटून जातो. किडनीच्या पेशंटमध्ये हे त्यांना जास्त दिसतं आणि जास्त दिवस रेंगाळताना दिसतं. भूक मेलेली, पोट संथ, आतडी कधी ढिली कधी चिडलेली. "का?" म्हणून विचारलं. "थोडं कळलंय, बरंचसं नाही. अभ्यास चाललाय," म्हणाल्या. इतक्या शिकलेल्या माणसाच्या तोंडून 'कळलं नाही' ऐकून मला केवढा धीर आला, सांगू? आमच्या बातमीदारांना ते दोन शब्द उच्चारायला आयुष्य पुरायचं नाही.

पुढचं मात्र नीट ऐक, कारण त्यासाठीच आज लिहितोय.

मी रेडिओतला, हे त्यांना कळलं होतं. त्यांनी आपला स्टेथोस्कोप माझ्या कानात घातला आणि दुसरं टोक माझ्याच पोटावर ठेवलं. "ऐका. तुम्हाला आमच्याहून बरं कळेल."

काही नाही. माणसं निघून गेल्यावर बंद स्टुडिओत जी शांतता असते ना, तशी. मग फार वेळानं कुठेतरी खोल एक थेंब पडल्यासारखं झालं. मग पुन्हा काही नाही. माझ्या आत कुणी राहतच नाही असं वाटलं.

डायलिसिसच्या सिस्टर माझ्यासोबत कागद घेऊन आल्या होत्या. त्या म्हणाल्या, "माझं ऐका. सकाळपासून कपभर चहावर आहे." आणि स्वतःच ते टोक आपल्या पोटावर धरलं.

ताई, मी वादळात समुद्र टिपलाय. बोगद्यातून जाणारी मालगाडी टिपलीय. एकदा मधमाश्यांच्या पेटीत माईक सोडला होता. पण हे असलं काही ऐकलं नव्हतं. आधी लांबून गडगडत काहीतरी आलं, जणू रिकाम्या गोदामात कुणी मोठाली पिंपं लोटत नेतंय. ते वरून खाली आलं, वळलं, बारीक झालं, बुडबुडत गेलं, आणि मागे सगळं लख्ख करून ठेवल्यासारखी शांतता. थोड्या वेळानं पुन्हा.

"हे काय?" मी इतक्या मोठ्यानं विचारलं की बाहेरचे पेशंट आत डोकावले. कानात नळ्या असल्या की माणूस ओरडतोच.

बाई म्हणाल्या, "पोट रिकामं झालं की एक लाट निघते. जठरापासून आतड्याच्या टोकापर्यंत सगळं झाडत जाते. तुम्ही म्हणता पोटात कावळे ओरडतात. कावळे कसले, झाडूवाले आहेत ते. जेवण आलं की थांबतात, पोट रिकामं झालं की पुन्हा कामाला लागतात. कुणी सांगावं लागत नाही."

"आणि माझे?"

"तुमचे बहुतेक संपावर आहेत."

सिस्टर हसल्या. मीही हसलो. साठीला आलेला मी, इतकी वर्षं हे अंग वागवतोय, आणि आत कोण कोण राबतं याचा पत्ता नाही! डायलिसिसला माझं रक्त नळीतून बाहेर येतं, यंत्रात फिरतं आणि परत जातं. नळीला बोट लावलं की कोमट लागते. तो कोमटपणा म्हणजे मीच, हे पहिल्यांदा कळलं तेव्हा बोट तिथून उचलवेना. आज स्टेथोस्कोप कानातून काढवेना.

एक गोळी बंद केलीय, दोन गोळ्यांच्या वेळा बदलल्यात. ताटानं जेवायचं नाही, वाटीनं जेवायचं, पण पुन्हा पुन्हा. बाकी वाट बघायची. किती, ते त्या सांगत नाहीत.

भोंगा


२३ एप्रिल

ताई,

तुझं दुसरं कार्ड आलं. "बाबांची वाक्यं तुझ्या तोंडात शोभत नाहीत. काय खातोस ते लिही." यात माफी आहे की दम, यावर मास्तरांशी डायलिसिसभर चर्चा झाली. ते म्हणाले, "व्याकरणानं दम आहे, अर्थानं माफी." तेवढं मी ठेवून घेतलं.

खातो ते असं: पावाचा तुकडा, अंड्यातलं पांढरं, मऊ भात, तुझी धुतलेली भाजी. सगळं वाटीनं. पोटातून मात्र हूं की चूं नाही. वजन घसरायचं थांबलंय असं सिस्टर म्हणतात. वाढलेलं नाही. यादीतला शेरा जागच्या जागी.

परवा करडी पँट घेऊन कोपऱ्यावरच्या टेलरकडे गेलो. म्हटलं, कंबर अजून आत घ्या, रस्त्यात एका हातानं धरून चालावं लागतं.

त्यानं पँट उलटी केली, कपाळावरचा चष्मा खाली ओढला आणि बघतच राहिला.

"हे कुणी केलंय?"

"बहिणीनं."

"रागात होत्या?"

"तुम्हाला काय माहीत?"

"टाके बघा की. एकेक टाका कुणाचा तरी कान पिळल्यासारखा ओढलाय." मग त्यानं शिवण बोटांवर पसरली. "पण माया बघा, साहेब."

मला काय दिसणार? त्यानं दाखवलं. एवढं कापड आत घेतलं की जादा भाग कापून टाकतात, म्हणजे कमरेला बोचत नाही. तू सूतभरही कापलेलं नाहीस. दोन्ही बाजूंना घडी घातलीस, कडा दुमडल्यास, धुण्यात सुटू नयेत म्हणून त्यावरून पुन्हा हातटाका मारलास.

"एवढी माया कोण ठेवतं हो? हा माणूस पुन्हा भरणार, असं धरूनच शिवलंय हे." त्यानं पँट घडी करून माझ्या हातात दिली. "अजून आत घ्यायची तर हे कापावं लागेल. मी नाही कापणार. पट्टा लावा."

म्हणजे तू हे त्याच दुपारी केलंस. भांड्यावर झाकण ठेवल्यावर आणि पिशवी भरण्याआधी. मी आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडलो होतो. बाहेर इतकं शांत होतं की मला वाटलं, तू केव्हाच गेलीस. कान लावून ऐकत होतो मी, आणि ऐकू काही आलं नाही.

सुईला आवाज नसतो, ताई.

शिवणीच्या आत राखलेल्या कापडाला तुम्ही लोक माया म्हणता. लहानपणापासून तुझ्या तोंडून ऐकत आलो. "माया ठेव, अंगानं वाढेल," असं तू शाळेच्या गणवेशाबद्दल आईला सांगायचीस. तो मला धंद्यातला एक शब्द वाटायचा, कात्री-टेपसारखा. परवा रस्त्यात उभा राहून मी ती पँट उलटी करून पाहिली. लोक बघत होते. बघू देत.

पट्टा लावलाय. कापणार नाही.

भोंगा


१४ मे

ताई,

खबर: आज सकाळी माझ्या पोटात कावळे ओरडले. दुजोरा सिस्टरनी दिला, स्टेथोस्कोप लावून. साक्षीदार मास्तर, आणि यंत्राला जोडलेली अख्खी रांग.

झालं असं. मी खुर्चीत होतो, रक्त नळीतून बाहेर चाललेलं. खोलीत यंत्रांची नेहमीची गुणगुण. मास्तर पेपर वाचत होते. आणि एकदम कुठेतरी गडगडलं. लांबून आलं, वळलं, खाली उतरत गेलं. मी आवाज ओळखला, पण कुठून येतोय ते कळेना. छताकडे बघितलं, नळाकडे बघितलं.

मास्तरांनी पेपर खाली केला. "कुणाचा भोंगा वाजला?"

आईशप्पथ, मी त्यांना ते नाव कधी सांगितलेलं नाही.

तेवढ्यात पुन्हा. या वेळी पोटावर हात होता, आणि हाताखाली ते सरकताना लागलं. सिस्टर पळत आल्या. यंत्राचं काही बिघडलं असं वाटलं त्यांना. मी नुसतं पोटाकडे बोट दाखवलं. त्यांनी ऐकलं, मग नळ्या माझ्या कानात घातल्या. मोठं काम चाललं होतं आत. पिंपं लोटत होते, पाणी मारत होते, कोपरे घासत होते. इतके महिने सामसूम, आणि आज कुणी न बोलावता सगळे कामावर हजर.

आणि मग ती आली. भूक. तिचं तोंडच विसरलो होतो मी. दुखणं नव्हे, मळमळ नव्हे. पोटात एक रिकामी जागा, आणि ती जागा काहीतरी मागतेय. रक्ताचा एक भाग बाहेर यंत्रात फिरतोय, आत झाडलोट चाललीय, आणि या सगळ्याच्या मधे बसलेल्या मला हवाय काय, तर पाव! मी रडायला लागलो. सिस्टर म्हणाल्या, "रडू नका, प्रेशर वर-खाली होतं." आणि स्वतः डोळे पुसायला वळल्या.

आयुष्यभर ऐकण्यासारखं काही कानावर पडलं की माझा हात यंत्राच्या बटणाकडे जायचा. आज गेला नाही. हा आवाज कुठेच टिपलेला नाही.

डायलिसिस संपल्यावर कॅन्टीनमध्ये अख्खा पाव आणि अंडं खाल्लं. दोन घास नेहमीसारखे. तिसऱ्याला थांबलो. तो छातीपर्यंत आला, थबकला, मला वाटलं झालं, बसला. आणि उतरला. मी चमचा खाली ठेवून त्याला जाताना नुसता अनुभवत राहिलो. चव अजून थोडी लोखंडी आहे. असू दे.

मास्तरांचं अजून तसंच आहे. डबा बंद करताना ते म्हणाले, "तुमचं झालं ना? म्हणजे रांग पुढे सरकतेय." पोटाच्या बाईंकडे त्यांचीही वेळ घेतली आहे.

भोंगा


७ जून

ताई,

किडनीच्या डॉक्टरांनी आज स्वतः काट्यावरचा आकडा पाहिला, सिस्टरना पुन्हा पाहायला लावला आणि सांगितलं की वजन असंच टिकलं तर पुढच्या बैठकीत शेरा काढण्याची शिफारस ते करतील. किडनी केव्हा मिळेल ते कुणाच्या हातात नाही. पण आली तर आता माझ्या दारावरून पुढे जाणार नाही. मधून मधून पोट अजून बिनसतं. बाई म्हणतात, संप मिटला तरी पहिले दिवस काम रडतखडतच चालतं.

तुझं कार्डही आजच आलं. "रविवारी दुपारच्या बसनं येते. जेवून बसू नकोस." पोस्टमन म्हणाला, "टेलर घरी येऊन माप घेतात?" म्हटलं, आमचे घेतात.

करडी पँट कमरेला आवळायला लागली आहे. पट्टा काढून टाकला. तुझे टाके बोचतात, पण त्यांना मी हात लावणार नाही. कोपऱ्यावरचा टेलरही म्हणाला, ज्यांनी घातले त्यांनीच उसवावेत. तीच पँट घालून स्टँडवर येईन.

रविवारचा अंदाज असा: बस उशिरा येईल. तू उतरल्या उतरल्या माझ्याकडे न बघता कमरेकडे बघशील. घरी येऊन भाजी दोनदा उकळशील आणि मी नीट धुतली नव्हती असं म्हणशील. ताटावर बसल्यावर दोन घासांनंतर मी थांबेन. तेव्हा भांड्यावर झाकण ठेवू नकोस. थोडी थांब. तिसरा उतरेल.

तुझा,
भोंगा